‘क्लास’ या शब्दाची जात कोणती?



आज एक शब्द घेऊ. शब्द इंग्रजी आहे, पण आता तुमच्या-माझ्या आईच्याही तोंडात बसलाय. क्लास.

पोरगा क्लासला गेलाय. पोरीला बारावीला फर्स्ट क्लास मिळाला. साहेब क्लास वन आहेत, आपला मामा क्लास फोर. काय क्लास गाणं आहे! काय थर्ड क्लास माणूस आहे! मिडल क्लास, वर्किंग क्लास, बॅकवर्ड क्लास. शिकवणीला हाच शब्द, शाबासकीला हाच, शिवीलाही हाच, आणि तहसील कचेरीतून मिळणाऱ्या कागदावरही हाच. एवढी कामं करणारा शब्द साधा असू शकत नाही. त्याची चौकशी केली पाहिजे.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा मधेच सुटली. पुढचं जे काय शिकलो ते वाचनालयात, रातपाळी सुटल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. या शब्दापाशी मी थांबलो त्याला कारण कापूस. गिरणीत गासड्या येतात तेव्हा कापसाची प्रतवारी होते. तंतूची लांबी, रंग, कचरा बघून प्रत ठरते. कापूस बोलत नाही, त्यामुळे प्रत ठरवणाऱ्याला तो विचारत नाही की बाबा रे, तुला हा अधिकार दिला कुणी? माणसांची प्रतवारी करणाऱ्याला मात्र हे विचारायलाच हवं. क्लास हा शब्द मुळात माणसांच्या प्रतवारीचाच शब्द आहे.

तो इंग्रजांचाही नाही. रोमचा आहे. लॅटिनमध्ये ‘क्लासिस’. रोमची परंपरा सांगते की सर्व्हिअस टुलिअस नावाच्या राजाने, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, नागरिकांची मोजदाद केली आणि मालमत्तेप्रमाणे त्यांचे पाच क्लासिस पाडले. कुणी लढाईत कोणतं हत्यार आणायचं, कुणी किती कर द्यायचा, हे त्यावरून ठरे. मतदानही त्यावरूनच. मतं माणशी मोजत नसत, गटाने मोजत. परंपरेने सांगितलेले एकूण गट १९३. त्यातले ९८ घोडेस्वार श्रीमंतांचे आणि पहिल्या क्लासचे. म्हणजे वरच्यांचं एकमत झालं की निकाल लागला, खालच्यांना बोलवायचीसुद्धा गरज नाही. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, ते पाचही क्लासच्या खाली. त्यांना ‘प्रोलेतारी’ म्हणत. ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. राज्याला द्यायला ज्याच्याकडे पोरांशिवाय काही नाही, तो प्रोलेतारी. मोर्चात आपण ज्याला सर्वहारा म्हणतो त्याचं हे मूळ. हजारो माणसं, आणि मताला सगळ्यांचा मिळून एक गट.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोमचा क्लास मालमत्तेवर होता. मालमत्ता वाढली तर माणूस वर जाई, बुडाली तर खाली येई. अन्याय होता, पण शिडी हलती होती.

इंग्रजीत हा शब्द समाजासाठी रुळला तो बराच उशिरा. आधी ते रँक म्हणत, ऑर्डर म्हणत, डिग्री म्हणत. म्हणजे देवाने आणि जन्माने दिलेली पायरी. अठराव्या शतकात यंत्रं आली, गिरण्या आल्या, आणि पायरीचे जुने शब्द अपुरे पडायला लागले. मग वरचे लोक खालच्यांना ‘लोअर क्लासेस’ म्हणायला लागले. पण एकोणिसाव्या शतकात उलटंच झालं. खालच्यांनी तो शब्द वरच्यांच्या हातातून काढून घेतला. आम्ही वर्किंग क्लास आहोत, असं ते स्वतःच सांगू लागले. १८४५ साली एंगल्सने इंग्लंडातल्या कामगारवर्गाच्या हालांवर पुस्तक लिहिलं, त्यात मँचेस्टरच्या कापडगिरण्यांचं वर्णन आहे. १८४८ साली मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा आला. शिवी म्हणून फेकलेला शब्द झेंडा झाला. ‘दलित’ या शब्दाचं आपण काय केलं हे आठवा, म्हणजे ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आता आपल्याकडे या.

मुंबई इलाख्यात हा शब्द तीन वाटांनी आला, आणि तिन्ही वाटा चार-पाच वर्षांत उघडल्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायला घेतली, १८५६ साली तिचा भोंगा वाजला. आणि त्याच वर्षांत सरकारी शाळा गावोगाव पसरत होत्या. रेल्वेचा क्लास, कामगारांचा क्लास, शाळेतला क्लास. तिन्हींचं म्हणणं कागदावर एकच होतं: पैसे भर, काम कर, अभ्यास कर, तुझी जागा तुला मिळेल. जन्माचं नाव कुठेच नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं?

शाळेपासून बघू. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला की मला सरकारी शाळेत घ्या. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. सरकारने त्याला घेतलं नाही. एका मुलासाठी बाकीची मुलं शाळा सोडतील, ही भीती. तिकडे पुण्यात मात्र जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५२ सालीच महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांगाची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. मुक्ताने एकट्या मांगांचं लिहिलं नाही, महारांचंही लिहिलं. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

मराठीत क्लासला आपण ‘वर्ग’ म्हटलं. साताऱ्याच्या शाळेत छोट्या भीमरावाला वर्गात घेतलं होतं. नाव पटावर होतं. पण बसायचं कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट शाळा झाडणारा गडीही शिवायचा नाही, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. वर्गात असून वर्गाबाहेर. इंग्रजांच्या कायद्याने दिलेला क्लास आणि गावाच्या कायद्याने दिलेली जात, दोन्ही एकाच खोलीत.

रेल्वेचंही तेच. रेल्वेचा क्लास पैशाने विकत मिळतो. इंग्लंडात १८४४ साली कायदा करावा लागला की थर्ड क्लासच्या उतारूंनाही पावसापासून आडोसा पाहिजे, भाडं मैलाला एक पेनी. म्हणजे त्याआधी गरीब माणूस उघड्या डब्यात मालासारखा जात होता. तिथला थर्ड क्लास हा गरिबीचा होता. आपल्याकडे १९०१ साली भीमराव, त्याचे भाऊ आणि भाचा वडलांकडे गोरेगावला निघाले. अंगावर चांगले कपडे, खिशात तिकीट. मसूरला उतरले. स्टेशन मास्तर आधी मायेने बोलला, कपडे बघून त्याला पोरं बामणाची वाटली. पोरांनी सांगितलं, आम्ही महार. मास्तर दोन पावलं मागे. मग गाडीवाले दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी येईनात. शेवटी ठरलं काय, तर पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आगगाडीच्या डब्यात तिकिटाने जागा दिली. डब्यातून खाली पाय ठेवला की तिकिटाची किंमत शून्य. भारतात रेल्वेचा थर्ड क्लास १९७४ साली नावापुरता का होईना पण गेला. मसूरच्या फलाटावरचा तो क्लास कुठल्या वेळापत्रकात लिहिलेला नव्हता, मग तो रद्द कोण करणार?

हे भोगलेलं पोरगं पंचवीस वर्षांचं झालं तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होतं. ९ मे १९१६ ला त्याने जातीवर निबंध वाचला. कार्यकर्त्या मित्रा, तू मार्क्स वाच, आणखी कुणीही वाच, पण हा निबंध आधी वाच. त्यात बाबासाहेबांनी जातीची व्याख्या क्लास हाच शब्द धरून केली. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग. ते सांगतात की आपल्याकडेही आधी वर्गच होते आणि वर्गातून वर्गात जाता येत होतं. मग पुरोहितवर्गाने स्वतःला आतून कडी लावली. लग्न आतच करायचं, बाहेर नाही. बाकीच्यांनी काही अनुकरणाने दारं लावली, काहींना दारं बाहेरून लावलेली सापडली. जगभरच्या पंडितांना जे कोडं होतं ते पंचवीस वर्षांच्या पोराने कडी कुठे आहे ते दाखवून सोडवलं. कडी लग्नाला आहे. रोमची शिडी हलती होती असं मी वर म्हटलं. आपल्याकडे प्रत्येक मजल्याचा जिनाच काढून टाकला.

आता गिरणी. माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत रिंगवर होते. आमच्या वस्तीतले बहुतेक रिंगवरच. लहानपणी मला वाटायचं, आपल्या लोकांना रिंग आवडत असेल. मग कळलं. साच्यावर, म्हणजे विणकाम खात्यात, पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं तर सवर्ण विणकर बाटणार! मालकाने नाही, कामगाराने कामगाराला अडवलं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर टाकला: सगळ्या खात्यांत अस्पृश्यांना काम मिळावं ही मागणी धरा, नाहीतर आमचे लोक संपात येणार नाहीत. पुढाऱ्यांनी ती नाखुषीने धरली. एकाच क्लासचे दोघेजण, एकाच भोंग्यावर जाणारे, एकाच संपात उपाशी राहणारे, आणि दोघांमध्ये एक बोटभर दोरा. १९३६ साली बाबासाहेबांनी लिहिलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ते वाक्य ग्रंथालयात बसून सुचलेलं नाही. ते धोट्यातून आलंय.

त्याच १९३६ साली त्यांनी पक्ष काढला, त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र संप केला. तेव्हा बाबासाहेबांना क्लास कळत नव्हता, ते फक्त जातीचं बोलत होते, असं कुणी म्हणालं तर त्याला ही तारीख सांगा. आणि आंबेडकरवाद्याने संपाच्या भानगडीत पडू नये असं कुणी म्हणालं तर त्यालाही हीच तारीख सांगा.

क्लास हा शब्द सरकारच्या टाकातून उतरला तेव्हा आणखी वेगळा झाला. इंग्रजांच्या हिंदी लष्करात ‘क्लास’ म्हणजे सरळ जात किंवा जमात. अमुक क्लासची पलटण, तमुक क्लासची कंपनी. ‘लढाऊ क्लास’ ठरवून महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली पलटण उभी केली, आणि १९२१ साली मोडूनही टाकली. मुलकी कारभारात आपल्याला नाव पडलं ‘डिप्रेस्ड क्लासेस’. दबलेले वर्ग. १९०६ साली महर्षी शिंद्यांनी मिशन काढलं त्याचंही नाव तेच. त्यांची तळमळ खरी होती, त्यात वाद नाही. पण नावात खोच बघा. दबलेले म्हटलं, दाबणारा कोण ते सांगितलं नाही. क्लास म्हटलं, जात म्हटलं नाही. १९३१ च्या नोव्हेंबरात गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी लेखी सांगितलं की हे नाव अपमानाचं आहे, बदला. १९३५ च्या कायद्यात नाव आलं ‘शेड्यूल्ड कास्ट’. अनुसूचित जाती. क्लास गेला, कास्ट आली. कित्येकांना ते कडू वाटतं. मला वाटतं, रोगाचं नाव निदान कागदावर तरी खरं आलं.

घटनेत क्लास पुन्हा आहे. कलम १६(४) मध्ये ‘मागास वर्ग’. १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली, तिच्यातून आलेल्या १५(४) मध्येही तेच. वर्ग म्हणजे जात का, यावर कोर्टात चाळीस वर्षं कीस पडला. मंडलच्या खटल्यात, १६ नोव्हेंबर १९९२ ला, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की जात हाही एक सामाजिक वर्ग असू शकतो. जे साताऱ्याच्या गोणपाटावर बसलेल्या पोराला माहीत होतं, ते कायद्याला पटायला इतकी वर्षं लागली. सरकारी नोकरीत क्लास वन ते क्लास फोर होते. केंद्र सरकारने १९७० च्या दशकात क्लास काढून ग्रुप केले. पाटी बदलली. गटारात कोण उतरतो ते बदललं नाही. हाताने मैला उचलणं थांबवायला १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा झाला. अजूनही उतरणाऱ्यांची आडनावं वाचा.

आता आपल्या स्वतःच्या अंगणात येऊ. १९७२ साली पँथर उठली. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया, सगळे शोषित घेतले होते. १९७४ साली फूट पडली, आणि फुटीचं एक कारण हाच शब्द: क्लास की कास्ट, मार्क्स की बुद्ध-आंबेडकर. ढसाळ एका बाजूला, ढाले दुसऱ्या. त्या भांडणावर अजून चहाच्या टपऱ्या चालतात. मला तर वाटतं, १९१६ चा निबंध दोन्ही बाजूंनी पुन्हा उघडला असता तर प्रश्न ‘की’ असा पडलाच नसता. जात ही वर्गाला लावलेली कडी आहे. कडी काढायची म्हणून भिंत विसरायची नाही, आणि भिंत पाडू म्हणून कडी तशीच ठेवायची नाही.

आपण लिहिणारे लोक, म्हणून साहित्याचंही सांगतो. ‘क्लासिक’ हा शब्दही त्या रोमच्या मोजणीतूनच आलाय. क्लासिकस म्हणजे पहिल्या क्लासचा मालमत्तावाला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलिअसच्या ग्रंथात फ्रोंटो नावाचा पंडित पहिल्या दर्जाचा लेखक सांगताना त्याला क्लासिकस म्हणतो, आणि समोर शब्द ठेवतो प्रोलेतारी. म्हणजे लेखकांचीही प्रतवारी मालमत्तेच्या वहीतून! मराठी पंडितांनी क्लासिकला शब्द दिला ‘अभिजात’. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. रोममध्ये निदान पैशावर होतं, आपण भाषांतर करताना ते जन्मावर आणून ठेवलं. शब्दात जात अक्षरशः बसलेली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहे, भाषा माझीही आहे. पण ही भाषा मोठी करणाऱ्यांत दीड दिवस शाळेत गेलेले अण्णा भाऊ आहेत, चौदा वर्षांची मुक्ता आहे. ते कुळावर मोठे झाले नाहीत.

आणि शेवटी जे बोलायला जड जातं ते. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की राज्यांना अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल. पुन्हा वर्ग! निकाल आल्यापासून आपल्या बैठकांत आवाज चढतोय. एकजण म्हणतो, ही आपल्याला फोडायची चाल आहे. मांगवाड्यातला मित्र म्हणतो, फुटलेलो आधीच होतो, तुम्हाला आज दिसलं. दोघांचंही ऐकून घेतलं पाहिजे. वरून प्रतवारी करणाऱ्यावर संशय घ्यायला इतिहासाने आपल्याला शिकवलंय, तो संशय खरा आहे. पण बाबासाहेबांनी विषमता पायरीपायरीची आहे असं सांगितलं, ते काय फक्त वरच्या पायऱ्यांपुरतं? ढोर, मांग, चांभार, भंगी, महार यांच्यातल्या कड्या कुणी लावल्या ते माहीत आहे. आजवर त्या आतून कुणी काढल्या नाहीत, तेही माहीत आहे. किती आंबेडकरवादी घरांत मांगाची सून आहे? मुक्ताने १८५५ साली मांग-महार एका दमात लिहिलं. आपल्याला १७० वर्षांनंतर ते दोन शब्द एका बैठकीत बसवता येत नाहीत.

तेव्हा कोणीही क्लास, वर्ग, वर्गवारी म्हणालं की घोषणा देण्याआधी दोन गोष्टी विचारा. मोजणारा कोण आहे? आणि यातून कडी निघते की नवी लागते? या दोन प्रश्नांवर त्या निकालाचीही परीक्षा घ्या, आकडे मागवा, शेजारच्या वाड्यातल्या पोरांना सोबत बसवून वाचा. एकट्यानं वाचून होणार नाही.

मराठीत वर्ग या शब्दाशी जोडलेला एक शब्द मला फार आवडतो: वर्गणी. ज्याची त्याने कुवतीप्रमाणे द्यायची आणि काम सगळ्यांचं व्हायचं. चवदार तळ्याच्या सत्याग्रहापासून आपल्या प्रत्येक पत्रापर्यंत सगळं वर्गणीवरच उभं राहिलं. पुढच्या बैठकीला येताना १९१६ चा तो निबंध घेऊन या, आणि एकटे येऊ नका.

जय भीम.